बालोद्यानाची जमीन : वेंगुर्ले तालुक्यातल्या एका कामाच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४ : जागेची पाहणी

जागा ग्रामपंचायतीची, शाळेच्या गडग्याला लागून, २२ मीटर बाय १६ मीटर. सड्याची (कातळाच्या सपाट माळाची) कड असल्यामुळे वर वीतभर लाल माती आणि तिच्याखाली सलग कातळ. उतार पूर्वेकडून पश्चिमेकडे, पश्चिमेला व्हाळ (ओढा). दक्षिणेच्या बाजूला दोन उंच माड.

सध्याची खेळणी पेव्हर ब्लॉकवर उभी आहेत : झोपाळा, घसरगुंडी आणि चढायची लोखंडी कमान. ब्लॉकखाली क्रशरची पावडर, तिच्याखाली कातळ. म्हणजे पडणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हे थेट काँक्रीट. दीड मीटरवरून पडलेलं डोकं जमिनीला टेकतं तेव्हा त्याचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटर असतो. काँक्रीटवर हा वेग एक-दोन मिलिमीटरांत शून्य होतो आणि सगळा मार कवटीच्या आत जातो. जमिनीचं काम हे थांबण्याचं अंतर वाढवण्याचं आहे.

पाण्याची चाचणी : मातीत ३०० मिमी लांब-रुंद आणि कातळापर्यंत खोल खड्डा काढून काठोकाठ भरला. सकाळी तळाशी अजून चार बोटं पाणी होतं. ही कोरड्या दिवसांतली गोष्ट. इथे वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. कातळ पाणी पीत नाही. खड्डा करून त्यात वाळू भरली आणि पाण्याला वाट ठेवली नाही, तर ते खेळायचं मैदान नसून तळी होईल.

माडांबाबत आजच निर्णय : माडाच्या घेराखाली एकही खेळणं येणार नाही. नारळ पाडून घेतले तरी सुकलेली झावळ केव्हाही सुटते, वाऱ्यावर तिरकी जाते. जमीन कितीही मऊ केली तरी वरून पडणाऱ्या वस्तूवर तिचा उपाय नाही. कमान उत्तरेच्या कोपऱ्यात हलवायची.

२४ नोव्हेंबर : आधी उंची, मग जमीन

बैठकीत सगळ्यांचा पहिला प्रश्न होता, रबर घालायचं की वाळू. त्याआधी उंची ठरली पाहिजे. कोणता पृष्ठभाग किती उंचीवरच्या पडण्याला पुरतो, यावरच निवड होते. उंची कमी करायला एक पैसा लागत नाही, जाडी वाढवायला लागतो.

मोजमापांसाठी ईएन ११७६ आणि ईएन ११७७ ही युरोपीय मानकं धरली आहेत. ईएन ११७७ मध्ये ४.६ किलोचं अर्धगोलाकार धातूचं डोकं वेगवेगळ्या उंचीवरून सोडतात, त्यातल्या संवेदकाने धक्का मोजतात आणि डोक्याच्या इजेचा निर्देशांक, म्हणजे एचआयसी, काढतात. तो १००० च्या आत आणि धक्का गुरुत्वाकर्षणाच्या २०० पटीच्या आत राहील ती उंची, त्या पृष्ठभागाची मर्यादा. वाळू, लाकडी ढलप्या, बारीक गोल खडी यांच्यासाठी मानकात तयार तक्ता आहे : २०० मिमी जाडीला २ मीटर, ३०० मिमीला ३ मीटर. शिवाय पायांनी उडून जाणाऱ्या मालासाठी १०० मिमी जादा. ३ मीटरपेक्षा उंच पडण्याला मानकात परवानगीच नाही.

ठरलेल्या उंची :

घसरगुंडीचा मंच १.५ मीटर. जुनी १.८ ची होती. कमान १.८ मीटर. झोपाळ्याची आडवी दांडी २.४ मीटरवर, पाट जमिनीपासून ४५० मिमी, म्हणजे साखळी १.९५ मीटर.

झोपाळ्याची पडायची उंची दांडीवरून धरत नाहीत. झोका उभ्या रेषेपासून ६० अंशांवर गेल्यावर पाट जिथे असतो ती उंची धरतात : पाटाची उंची अधिक साखळीची निम्मी लांबी. इथे ०.४५ + ०.९७५, म्हणजे १.४३ मीटर. पुढे-मागे किती जागा मऊ हवी याचंही सूत्र आहे. साखळीची लांबी गुणिले ०.८६७, त्यात सुट्या मालासाठी २.२५ मीटर मिळवायचे. १.६९ + २.२५ = ३.९४ मीटर, दोन्ही बाजूंना मिळून ७.८८. इथे सर्वात जास्त चूक होते. गावोगाव झोपाळ्याच्या पाटाखालीच चटई टाकलेली दिसते, पण मूल उडी मारतं किंवा सुटतं ते झोक्याच्या टोकाला. मऊ जागा लांबट हवी.

घसरगुंडीला १.५ मीटर उंचीसाठी चोहोबाजूंनी १.५ मीटर, आणि उतरायच्या टोकापुढे २ मीटर. कमानीला उंची १.५ च्या वर असल्याने सूत्र बदलतं : उंचीचे दोन तृतीयांश अधिक अर्धा मीटर, म्हणजे १.७ मीटर.

त्यावरून वाफे (आम्ही त्यांना वाफेच म्हणतो आहोत) : झोपाळा ८ × ४ = ३२ चौ. मी. घसरगुंडी ७.५ × ४ = ३० चौ. मी. कमान, व्यास ३ मीटर अधिक दोन्हीकडे १.७, म्हणजे ६.४ मीटरचा गोल, ३२ चौ. मी. एकूण ९४. तोल सांभाळायची दांडी ३०० मिमी उंच. पडायची उंची ६०० मिमीच्या आत असली तर धक्का शोषणारा थर सक्तीचा नाही, म्हणून ती मातीवर ठेवली तरी चालते. तिथे वेगळा प्रयोग करायचा आहे.

८ डिसेंबर : पृष्ठभागांची तुलना

ठेकेदाराचा पहिला प्रस्ताव : पेव्हर तसेच ठेवायचे आणि त्यांच्यावर २५ मिमीच्या रबरी टाइल्स चिकटवायच्या. काम पंधरवड्यात, दिसायला रंगीत. नाकारला. २५ मिमीची टाइल पक्क्या तळावर क्वचितच एक मीटरपर्यंतच्या पडण्याला पुरते. व्यायामशाळेत वजनं ठेवायला चालते ती टाइल इथे चालत नाही. रबर घ्यायचंच असेल तर विक्रेत्याकडून त्याच जाडीचा, त्याच तळावरचा आणि उंची लिहिलेला चाचणी दाखला मागावा. दाखला ५० मिमीचा आणि माल २५ चा, असं होतं, म्हणून टाइल आल्यावर कॅलिपरने जाडी मोजावी.

जागेवर ओतायचं रबर (खाली टायरचा चुरा, वर ईपीडीएम नावाचं रंगीत कृत्रिम रबर) चांगलं असतं. व्हीलचेअर सहज जाते, रोजची निगा कमी. कोकणात त्याला तीन अडचणी. त्यातला पॉलियुरेथेनचा चिकट घटक हवेतल्या ओलाव्याशी प्रक्रिया होऊन घट्ट होतो. ओल्या तळावर किंवा पावसात ओतला तर फेसाळतो, थर सुटतो, म्हणजे काम करायला डिसेंबर ते मार्च एवढाच काळ. दुसरं, सावलीत, झाडाच्या पानांखाली पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ धरतं आणि ओलं शेवाळ म्हणजे घसरणं. तिसरं, एप्रिल-मेच्या उन्हात गडद रबर इतकं तापतं की अनवाणी पाय टेकवत नाही, आणि इथे मुलं अनवाणीच खेळतात. शिवाय खर्च वाळूच्या कितीतरी पट. मोठ्या शहरातल्या बागेला, जिथे रोज निगा राखायला माणूस नाही, तिथे तेच योग्य ठरू शकतं. इथे नाही.

कृत्रिम हिरवळ : हिरवा गालिचा नुसता अंथरला तर धक्का शोषत नाही. खाली फोमचा थर लागतो, आणि तो ओला राहून कुजट वास धरतो. यादीतून बाद.

खरी हिरवळ, हरळी : मानकात सुस्थितीतली हिरवळ-माती १ मीटरपर्यंत चालते. आमची सगळी खेळणी त्याहून उंच. शिवाय झोपाळ्याखालची हरळी दोन महिन्यांत जाते, मग पावसाळ्यात चिखल आणि मे महिन्यात जांभ्यासारखी घट्ट माती.

लाकडी ढलप्या : कागदावर सर्वात चांगल्या. ५ ते ३० मिमी आकाराच्या, साल आणि भुसा काढलेल्या ढलप्या वाळूपेक्षा जास्त दाबल्या जातात. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शक पुस्तिकेत ९ इंच ढलप्यांना १० फूट उंची दिलेली आहे, तर ९ इंच वाळूला ४ फूट. आपल्याकडे वखारीत त्या फुकटात मिळतात. इथली अडचण हवेची. चार महिने ओल्या राहिल्या की त्या कुजतात, वाळवी लागते, थर बसतो. आणि माडांच्या गावात आणखी एक धोका : कुजणाऱ्या लाकडाच्या, भुशाच्या, शेणाच्या ढिगातच गेंड्या भुंग्याची वीण होते. तो भुंगा माडाचा कोंब पोखरतो. मुलांच्या बागेसाठी शेजारच्यांचे माड धोक्यात घालणं बरोबर नाही.

सोडणाचे (नारळाच्या सालीचे) तुकडे आणि काथ्याचा चुरा हा प्रस्ताव दोन सभासदांनी मांडला. माल घरचा, म्हणून मोह होतो. पण काथ्याचा चुरा वजनाच्या कित्येक पट पाणी धरतो, महिनोन्महिने ओला राहतो, आणि भुंग्याची भीती तिथेही तीच. रोपवाटिकेसाठी उत्तम, इथे नाही.

वाळू : सडत नाही, वाळवी नाही, पाणी खाली जाऊ देते. तोटे असे की पायाने उडते, मांजर-कुत्री घाण करतात, आणि चुकीची वाळू घट्ट बसते. पहिले दोन निगेने सुटतात. तिसऱ्याचं उत्तर खरेदीच्या दिवशीच द्यावं लागतं.

२२ डिसेंबर

निर्णय : तिन्ही वाफ्यांत ३०० मिमी वाळू (२०० अधिक १०० जादा). तोल-दांडीखाली ढलप्या, पावसाळ्यात काय होतं ते मोजण्यासाठी. व्हीलचेअरवरच्या मुलांसाठी जुन्या पेव्हरची १.५ मीटर रुंदीची वाट आणि तिच्या टोकाला ७०० मिमी उंचीचं वाळूचं टेबल, खाली गुडघे जातील असं.

११ जानेवारी २०२५ : खोदाई

पेव्हर निघाले. २०० ते २४० मिमीवर कातळ लागला, ब्रेकर लावूनही दिवसाला फार थोडा निघतो. एकूण खोली ४५० हवी (१५० खडी, ३०० वाळू). म्हणून निम्मं खाली, निम्मं वर : २०० मिमी खोदायचं आणि बाकी चिऱ्याची किनार बांधून वर उचलायचं.

किनार मऊ जागेच्या मापाबाहेर घ्यायची, आतल्या मापाला चिरा चाटता कामा नये. पडणाऱ्या मुलाचं डोकं चिऱ्याच्या कडेवर आलं तर सगळ्या वाळूचा उपयोग शून्य. वरचा चिरा आडवा, आतला कोपरा तासून बोटभर गोल. बाहेरून मातीचा उतार चढवून किनारीशी समतल, म्हणजे ठेचकाळायला पायरी राहत नाही. वाळूची अंतिम पातळी किनारीच्या ५० मिमी खाली.

१ फेब्रुवारी : पाण्याची वाट

कातळाच्या पृष्ठभागालाच पश्चिमेकडे शंभरास एक असा उतार दिला. खळगे राहिले तिथे सिमेंट-खडीने भरले, नाहीतर प्रत्येक खळग्यात डासांची पैदास. प्रत्येक वाफ्यात ११० मिमी पीव्हीसी पाइप, खालच्या अर्ध्या घेराला १० मिमीची भोकं, वरून भूवस्त्र (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) गुंडाळलेलं. तिन्ही पाइप एका चेंबरमध्ये, चेंबरच्या तळाला ३०० मिमी गाळ साठवण, तिथून पुढे व्हाळात.

हिशेब : तासाला १०० मिमी असा कोसळणारा पाऊस धरला तर ९४ चौ. मीटरवर ९.४ घनमीटर, म्हणजे सेकंदाला २.६ लिटर. शंभरास एक उतारावर ११० मिमीचा पाइप याच्या दुपटीहून जास्त वाहून नेतो. पण हा फक्त वरून पडणाऱ्या पावसाचा हिशेब आहे. पूर्वेकडून सड्यावरून वाहत येणारं पाणी यात आलं तर पाइप पुरणार नाही आणि लाल माती वाळूत उतरेल. म्हणून वरच्या बाजूला ४०० मिमी रुंद चर काढून ते पाणी बाहेरच्या बाहेर व्हाळाला दिलं. या चराशिवाय बाकीचं सगळं काम एका पावसाळ्यात वाया गेलं असतं.

पाइपच्या तोंडाला १० मिमीची जाळी. उंदीर आत शिरले की मागोमाग साप येतो.

खडी २० मिमीची, धुतलेली, १५० मिमी जाड : ९४ × ०.१५ = १४.१ घनमीटर, ५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर). खडीवर न विणलेलं पॉलिप्रोपिलीन भूवस्त्र, चौरस मीटरला २०० ग्रॅम, जोडाला ३०० मिमी एकावर एक, कडेला वर वळवून किनारीखाली दाबलेलं. काथ्याचं भूवस्त्र इथे घालायचं नाही. ते बांधाच्या उतारावर उत्तम, कारण तिथे ते कुजून जाणंच अपेक्षित असतं. वाळू आणि खडी वेगळी ठेवायला कुजणारं कापड चालत नाही : ते फाटलं की वाळू खडीत उतरते, खडी वर येते, आणि पडण्याच्या जागेत दगड येतात.

१५ फेब्रुवारी : पाये

खांबांचे खड्डे कातळात ब्रेकरने, ४०० × ४०० मिमी, ५०० खोल. काँक्रीटचा माथा वाळूच्या पातळीखाली किमान ४०० मिमी हवा. आमचा ४२० वर, म्हणजे खडीच्या थरात. जुन्या खेळण्यांचे पाये जमिनीच्या वर डोकावत होते. हे इतकं सर्रास दिसतं की कोणाला खटकतही नाही.

खाऱ्या हवेत खांब सडतो तो वाळूच्या पातळीवर, जिथे ओल आणि हवा दोन्ही असतात. म्हणून खांब गरम जस्त चढवलेले, आणि वाळूच्या पातळीच्या वर-खाली २०० मिमी इपॉक्सीचे दोन हात. नटबोल्ट ३१६ ग्रेडचे स्टेनलेस. ३०४ किनाऱ्याजवळ तपकिरी डाग धरतं.

प्रत्येक खांबावर वाळूच्या पातळीची रेघ, पक्क्या रंगाने. ही रेघ म्हणजे पुढच्या दहा वर्षांच्या निगेचा आधार. वाळू रेघेखाली गेली की भर घालायची, त्याला सभा घ्यायची गरज नाही.

१ मार्च : वाळूची पहिली गाडी परत

किनाऱ्यावरची वाळू उचलायला सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. शिवाय ती आमच्या कामाचीही नाही : मीठ, शिंपल्यांच्या धारदार कपच्या. क्रशर सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, तर मुळीच नको. तिचे कण टोकदार असतात, सोबत भुकटी असते. ती एकमेकांत अडकून रस्त्याखालच्या थरासारखी घट्ट बसते, आणि घट्ट बसणं हाच तिचा गुण म्हणून ती विकली जाते. आपल्याला उलटा गुण हवा : गोलसर, धुतलेले, एकमेकांवरून सरकणारे ०.२ ते २ मिमीचे कण, त्यात गाळ आणि चिकणमाती नाही.

आज आलेली वाळू खाडीतून उपसलेली, वाहतूक परवान्यासकट. गाडी रिकामी करण्याआधी तीन चाचण्या केल्या.

बाटलीची चाचणी : पारदर्शक, सरळ बाजूंची बाटली, निम्मी वाळू, वर पाऊण बाटलीपर्यंत पाणी आणि चमचाभर मीठ. जोरात हलवून तीन तास स्थिर ठेवायची. वाळूच्या वर गाळाचा वेगळा थर दिसतो. वाळूचा थर १०० मिमी, गाळ ९ मिमी, म्हणजे ९ टक्के. आम्ही ३ टक्के मर्यादा ठेवली आहे.

मुठीची चाचणी : ओल्या वाळूचा गोळा दाबून उन्हात ठेवायचा. चांगल्या वाळूचा गोळा सुकल्यावर बोट लागताच विस्कटतो. हा गोळा संध्याकाळपर्यंत उचलून दाखवता येत होता.

मिठाची चाचणी : शाळेच्या प्रयोगशाळेतून सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण. वाळू ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून, गाळलेल्या पाण्यात दोन थेंब. दुधासारखं पांढरं झालं. नळाचं पाणी वापरून ही चाचणी करू नये, त्यातही क्लोराइड असतं आणि उगाच भीती वाटते.

गाडी परत पाठवली.

८ मार्च

नदीच्या वरच्या पात्रातली, परवानाधारक गटातली वाळू. गाळ २ टक्के, गोळा विस्कटला, पाणी किंचित धुरकट. स्वीकारली. गिलाव्याच्या बारीक चाळणीतून चाळून घेतली, गोटे आणि काड्या निघाल्या.

प्रमाण : ९४ × ०.३ = २८.२ घनमीटर, बरोबर १० ब्रास. मागवली १२ ब्रास. ओलसर वाळू फुगते : पाच-सहा टक्के ओल असली तर तिचं आकारमान कोरड्या वाळूपेक्षा चौथाईपर्यंत जास्त भरतं. ट्रकच्या हौद्यात १० ब्रास मोजलेली ओली वाळू वाफ्यात ८ च भरते. वाळू घेणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं, भांडण तिथेच टळतं.

भरताना १५० मिमीचे दोन थर, रोलर किंवा धुम्मस अजिबात नाही. गवंड्याला हे पटवून द्यावं लागतं, कारण त्याचा हात आयुष्यभर भराव ठोकण्यात गेलेला असतो. फक्त पाणी फवारून बसू दिली. बसल्यावर राहिलेली भर घालून रेघेला आणली.

१२ मार्च

शिमग्यामुळे आठवडाभर काम बंद. वाफ्यांवर हिरवी जाळी टाकून कडेला चिरे ठेवले आहेत. मांजरांना नवी वाळू लगेच सापडते.

५ एप्रिल : ऊन आणि सावली

दुपारी एक वाजता वाळूचा वरचा पापुद्रा तापलेला, पण बोट खुपसलं की दोन इंचांखाली थंड. हात फिरवला की गार वाळू वर येते. वाळूच्या टेबलाच्या कडेला लावलेली गडद रबरी पट्टी मात्र धरवत नव्हती, काढून लाकडी केली.

सावलीसाठी पश्चिमेला बकुळ, वाफ्यांच्या कडेपासून ३ मीटर दूर. उंडीची सूचना होती, खारा वारा ती चांगली सोसते, पण तिची कडक गोल फळं पायाखाली गोट्यांसारखी घरंगळतात.

२७ मे : पाऊस लवकर

मान्सून २५ मेलाच तळकोकणात उतरला, नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी. वरच्या चराची साफसफाई जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरवलेली होती. ती भर पावसात फावड्याने केली. यापुढे चर, चेंबर, जाळी यांची सफाई १५ मेच्या आत.

१२ जुलै : भर पावसातलं निरीक्षण

पाइपचं तोंड अर्ध्याहून कमी भरून वाहतं. पाऊस थांबल्यावर तासाभरात पावलाच्या ठशात पाणी उरत नाही. कमानीच्या वाफ्यात पश्चिमेच्या कोपऱ्यात मात्र दोन तास ओघळ दिसतो. भूवस्त्रावर लाल माती साचली असावी, पाऊस संपल्यावर तेवढा भाग उघडून पाहायचा.

पाण्याने पूर्ण भरलेली वाळू कोरड्या वाळूसारखी दबत नाही. कणांमधली हवा गेलेली असते आणि पाण्याला पळायला वेळ लागतो. म्हणून साधा नियम फलकावर लिहिला : टाच दाबल्यावर ठशात पाणी दिसलं तर झोपाळा आणि कमान बंद, साखळ्या वर गुंडाळून कुलूप. उघडीप मिळाली की मुलं धावत येतात, तेव्हाच हे पाहायचं. पहाटे फेरी मारून उपयोग नाही.

पेव्हरच्या वाटेवर शेवाळ. हिराच्या खराट्याने घासून काढतो. ब्लीचिंग पावडर टाकायची नाही, ती धुऊन वाफ्यात उतरते आणि खांबांचं जस्त खाते.

७ सप्टेंबर : गणपतीनंतर

चाकरमान्यांची मुलं आली, बाग दिवसभर भरलेली. आज खुणांची सळई खुपसून भूवस्त्रापर्यंतची खोली मोजली. झोपाळ्याच्या पाटांखाली १७५ आणि १९० मिमी, घसरगुंडीच्या टोकाला २१०, बाकी सगळीकडे २७० ते २९५. म्हणजे पाटाखाली १०० मिमीचं जादा संपून मूळ थरालाही हात लागला.

झोपाळ्याखालची वाळू पाय घासून पुढे-मागे सरकते, नाहीशी होत नाही. दोन्ही बाजूंना उंचवटे दिसतात. दाताळ्याने ती परत ओढली की १० मिनिटांत खोली २८० वर आली. म्हणून सुट्टीच्या, सणाच्या दिवसांत दाताळं रोज, एरवी एक दिवसाआड. काही ठिकाणी इथे जुन्या कन्व्हेअरचा पट्टा अंथरतात. तो घालू नये : पट्टा कडक असतो, कडा वर वळतात, आणि त्यातली तार बाहेर आली की पाय कापतो.

दाताळं मारताना वरच्या थरातून निघालेलं : दोन बाटल्यांची झाकणं, खिळा, आंब्याची कोय, मांजराची विष्ठा. विष्ठा सापडली की भोवतीची फावडंभर वाळू तिच्यासकट बाहेर, कारण जंतांची अंडी वाळूत दीर्घकाळ टिकतात. रात्री जाळी टाकणं सुटलं होतं, ते पुन्हा सुरू.

११ ऑक्टोबर : पावसाळ्यानंतरची तपासणी

कमानीचा पश्चिम कोपरा उघडला. भूवस्त्रावर बोटभर लाल गाळ, उगम किनारीच्या दोन चिऱ्यांमधली फट. बाहेरच्या मातीच्या उतारावरून पाणी त्या फटीतून आत येत होतं. फट चुना-सिमेंटने बुजवली, कापडाचा तेवढा तुकडा बदलला, वाळू धुऊन परत भरली. इतर दोन वाफ्यांत कापड स्वच्छ.

चेंबरमध्ये गाळ १४० मिमी. साठवण निम्मी भरलेली, म्हणजे वर्षातून दोनदा काढावा लागेल.

ढलप्यांचा प्रयोग : जूनमध्ये ३०० मिमी होत्या, आज १९०. तळाच्या चार बोटांत पांढऱ्या बुरशीचे तंतू, लाकूड चिमटीत मोडतं. एका कोपऱ्यात अंगठ्याएवढ्या, पांढऱ्या, वाकलेल्या अळ्या : गेंड्या भुंग्याच्या. अळ्या वेचून मारल्या, सगळ्या ढलप्या बाहेर काढून उन्हात पसरून वाळवल्या. दांडी आता साध्या मातीवर. उंची ३०० मिमीच असल्याने चालेल. ज्यांच्याकडे माड नाहीत आणि दरवर्षी निम्मा थर बदलायची तयारी आहे, त्यांनी ढलप्या जरूर घ्याव्यात. धक्का त्या वाळूपेक्षा चांगला शोषतात.

वाळू सर्व वाफ्यांत बागेच्या काट्याने २०० मिमीपर्यंत उलटी केली. पावसाने बसलेला थर काट्याला लागला, आवाजावरून कळतो. उलटल्यावर पातळी १५ ते २० मिमीने वर आली, तरीही रेघेपर्यंत पोहोचायला अंदाजे पाऊण ब्रास कमी. एक ब्रास मागवली आहे, त्याच वरच्या पात्रातली, त्याच तीन चाचण्यांनी. गाडी दिवाळीआधी येणार. पहिली भर झोपाळ्याच्या वाफ्यात.